जुनी मशिनं वाढवा

रुचीला मराठी येत नाही असं म्हटलं तर तिची आई भांडायला येईल. येत होती की! इंदूरजवळ महूला घरी सगळं मराठीतच चालायचं. आता त्या मराठीत निम्मे शब्द हिंदी, थोडे इंग्रजी, आणि बाकी 'करून राहिली', 'जाऊन राहिली' असायचं, पण इंदूरकडच्या मराठी घरांत त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वावगं वाटलं ते पुण्यात.

पुण्यात नोकरीला होती तेव्हा ती शलाकामावशीकडे राहायची. ही मावशी समोरच्याचं बोलणं ऐकायची नाही, तपासायची. रुची दमून घरी यायची आणि म्हणायची, "मावशी, मला भूक लागून राहिली." त्यावर मावशी, "'भूक लागलीये' म्हण." पोरगी उपाशी उभी, आणि ही बाई क्रियापद सुधारतेय! ऑफिसातही तेच. एखादा शब्द अडला आणि रुचीने "म्हणजे?" असं विचारलं की आजूबाजूच्या माना वळायच्या, आणि मग कोणीतरी बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं सावकाश समजावून द्यायचं. तिला इतकी लाज वाटायची की शेवटी तिने विचारणंच सोडलं. कळो न कळो, मान हलवायची आणि "हो जी" म्हणून मोकळं व्हायचं.

अशी ती एक दिवस बॅग भरून परत आली आणि इंदूरच्या मल्हारगंजातल्या 'पागा डेटा सर्व्हिसेस'मध्ये कामाला लागली. लागली म्हणजे अजून कच्ची. दिवाळीपर्यंत काम बघू, मग पक्कं करू, असं मालकांनी सांगितलं होतं. आणि नाही केलं पक्कं, तर? तर पुण्यात मावशीने तिच्यासाठी दुसरी नोकरी हेरून ठेवली होती, पलंगावर नवी चादरही घातली होती. सारखा फोन यायचा, "काय गं, कधी येतेस?" तो फोन वाजला की रुची तो उलटा करून ठेवायची. पुन्हा पुण्याला जायचं नाही, काही झालं तरी जायचं नाही, हे एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

आता हे मालक कोण, ते ऐका. संताजीराव. त्यांचे पूर्वज दरबारच्या पागेवर अधिकारी होते, म्हणून कंपनीचं नाव पागा. घोडे गेले आणि सर्व्हर आले, पण संताजीरावांची ऐट तीच राहिली. सर्व्हरच्या खोलीत शिरायच्या आधी ते जोडे काढायचे. बोलणं असं अस्सल, जुनं, घोळून घोळून की रुचीच्या डोक्यावरून अर्धं जायचं. तिला ते 'रुचीबाई' म्हणायचे, आणि तिला प्रत्येक वेळी वाटायचं की आता हे भांडी घासायला सांगणार.

धंदा सोपा होता. आसपासच्या दुकानांची बिलं बनवणारी सॉफ्टवेअरं, कोणाची वेबसाइट, कोणाच्या क्लासची हजेरी, हे सगळं पागेतल्या सर्व्हरांवर चालायचं. खरी यंत्रं मोजकीच, पण त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरने थाटलेली खोटी यंत्रं पुष्कळ. एकाच घरात खूप भाडेकरू राहतात, प्रत्येकाला वाटतं घर आपलंच, पण गच्चीवरची पाण्याची टाकी एकच, तसं. या भाडेकरूंना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कोणी कुठे राहायचं आणि कोणाच्या नळाला किती पाणी सोडायचं ते ठरवणारा जो असतो, तो मॅनेजमेंट सर्व्हर.

दिवाळी जवळ यायला लागली तशी टाकी पुरेना. साड्यांच्या दुकानातून तक्रारी यायला लागल्या की बिल निघायला उशीर होतोय. नवीन सर्व्हर घ्यायला संताजीराव तयार नव्हते. तेव्हा रुचीनेच सुचवलं की मॅनेजमेंट सर्व्हरला रिसोर्स ऑप्टिमायझर जोडू या. हे सॉफ्टवेअर बसल्या जागी सगळ्या मशिनांवर नजर ठेवतं, आणि कोण पाणी वाया घालवतंय, कोणाला कमी पडतंय, ते सांगतं. म्हणाल तर स्वतः नळही फिरवतं, नाहीतर नुसती शिफारस करतं.

"म्हणजे काटकसर," संताजीराव म्हणाले.

"हो जी," रुची म्हणाली. या वेळी तिला कळलं होतं. सॉफ्टवेअरचं नाव तेव्हापासून काटकसर पडलं.

जोडण्याचं काम तिने फार छान केलं, ते मान्य करायला हवं. मराठी कशीही असो, पोरीचा हात या कामात साफ होता. काटकसरीत मॅनेजमेंट सर्व्हरचा पत्ता टाकला, तिच्यासाठी वेगळं खातं काढलं, पासवर्ड दिला. आधी काटकसरीने सर्व्हरचं ओळखपत्र बघून 'सर्टिफिकेटवर विश्वास नाही' म्हणून तोंड फिरवलं. रुचीने ते नीट बसवून दिलं. मग म्हणाली, सर्व्हर सापडत नाही. त्यात मात्र केबलचा दोष होता, आणि ती बंटीभियाने बदलली. बंटीभिया म्हणजे पागेचा वीज, बॅटऱ्या, एसी आणि तारा सांभाळणारा माणूस, तिथला जुना आणि भारी बोलघेवडा. "लो, हो गई सगाई," तो म्हणाला, आणि स्क्रीनवर हिरवा दिवा लागला. एकामागून एक सगळी मशिनं काटकसरीच्या यादीत उमटत गेली. रुचीला इतका आनंद झाला की तिने टाळ्या वाजवल्या.

संताजीराव चष्मा लावून यादी बघायला आले. यादीच्या वरच्या भागात लाल रंगात बरीच नावं होती. पाणी भरपूर घेणारी, काम शून्य. एक होती लग्नाची वेबसाइट, जिच्यातल्या नवरा-नवरीची मुलगी आता शाळेत जात होती. एक पतंगाच्या दुकानाची, ज्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळायची. एक मारुतीरावांची. हे मारुतीराव मागे वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले होते, पडले, आणि वेबसाइट तशीच हात जोडून उभी राहिली होती.

"ही जुनी मंडळी उगाच अडून बसली आहेत," संताजीराव म्हणाले. "रुचीबाई, ही सगळी वाढवा."

"हो जी," रुची म्हणाली.

बोंबला! तुम्हा-आम्हाला काय ते कळलं. संध्याकाळी दुकान वाढवतात, देवापुढचा दिवा वाढवतात, बायकांची बांगडी वाढते. 'बंद कर', 'विझव', 'फुटली' असं अभद्र तोंडातून काढू नये म्हणून आपल्याकडे जुनी माणसं असं उलटं बोलतात. आणि संताजीराव तर या बाबतीत महाकर्मठ. 'बंद' हा शब्द त्यांच्या वडिलांनी धंद्याच्या जागेत कधी उच्चारला नव्हता, यांनीही नाही. दार लावून घ्या म्हणतील, पंख्याला विसावा द्या म्हणतील, पण बंद म्हणणार नाहीत. ती मशिनं बंद करा, एवढंच साधं त्यांना म्हणायचं होतं.

पण रुचीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पागेचं शटर पडायच्या आधीच तिची महूची बस असायची, त्यामुळे दुकान वाढवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मराठीत वाढवणं म्हणजे मोठं करणं. एवढं एकच मराठी क्रियापद तिला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं त्यानेच घात केला.

तिला नवल वाटलं, नाही असं नाही. काटकसर म्हणतेय यांना काम नाही, आणि साहेब म्हणताहेत वाढवा? विचारावं का? तोंडापर्यंत 'म्हणजे' आलं होतं. पण समोर तो भारदस्त चष्मा, आणि डोळ्यांपुढे पुणं. ती गप्प बसली. मग जागेवर जाऊन तिने स्वतःची समजूत घातली. दरबारी घराणं आहे, जुन्या लोकांची कदर करत असतील. आपल्याकडे नाही का, म्हाताऱ्या माणसाला आधी पान वाढतात? या विचाराने तिला संताजीरावांबद्दल इतकं भरून आलं की तिने लाल यादीतल्या प्रत्येक मशीनची मेमरी दुप्पट केली.

"वाढवली?" संताजीरावांनी जाता जाता विचारलं.

"हो जी."

"सगळी?"

"सगळी वाढवून दिली जी."

"वा," संताजीराव म्हणाले, आणि गाणं गुणगुणत जेवायला गेले.

काटकसर मात्र पिसाळली. ती शिफारशींवर शिफारशी करायला लागली. हे कमी करा, ते काढून टाका, हे काय चालवलंय! रुचीने तिला समजावण्याचा प्रयत्न केला, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन या मशिनांच्या तक्रारी दाखवू नकोस असं सांगितलं. आपल्याच हाताने जोडलेल्या सॉफ्टवेअरचं तोंड आपल्याच हाताने दाबताना तिला वाईट वाटलं. पण मालकांचा शब्द.

तोंड दाबलं तरी काटकसर आठवड्याचा अहवाल थेट मालकांच्या फोनवर धाडायची. त्यात तीच नावं पुन्हा, आणि आता जास्तच लाल. संताजीरावांच्या कपाळाला आठी पडली.

"रुचीबाई, ही अजून दिसताहेत. तुम्ही वाढवली म्हणालात ना?"

"वाढवली जी!"

"मग नीट वाढलेली नाहीत. मुळापासून वाढवा. मला पुन्हा सांगायला लावू नका. दिवाळी तोंडावर आहे, आणि तुमच्याबद्दलही मला काही ठरवायचंय."

रुचीच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांना अजून कमी वाटतंय! तिने कंबर कसली. मेमरी पुन्हा दुप्पट केली, प्रोसेसर वाढवले, वर ते सगळं राखीव करून टाकलं, म्हणजे टाकीतलं पाणी आधी या रिकाम्या भाडेकरूंना, मग इतरांना. मारुतीरावांचं नाव यादीत सगळ्यात वर होतं, म्हणून त्यांना तर अख्खा नळच देऊन टाकला. एका हरलेल्या उमेदवाराची वेबसाइट त्या दिवसापासून इंदूरमध्ये सगळ्यात जोरात पळायला लागली असावी.

हे खुद्द मारुतीरावांच्याही लक्षात आलं. हरलेला माणूस अधूनमधून आपलाच फोटो उघडून बघतोच. एका सकाळी ते कचोऱ्यांचा पुडा घेऊन पागेत हजर.

"काय संताजीराव, माझी साइट काय पळून राहिली! हात लावला नाही की उघडली! जनतेला माझी आठवण येऊन राहिली म्हणायची."

संताजीराव कसनुसं हसले. ज्या मशीनला त्यांनी दोनदा निरोप दिला होता, ते पळतंय? मारुतीराव नवीन फोटो कधी टाकायचा ते विचारून गेले, आणि संताजीरावांनी रुचीला बोलावलं.

"मारुतीरावांचं मशीन तुम्ही वाढवलं होतं ना?"

"हो जी. सगळ्यात जास्त तेच वाढवलंय."

"सगळ्यात जास्त?" संताजीराव बुचकळ्यात पडले. "अहो, वाढवण्यात कमी-जास्त काय असतं?"

रुचीला वाटलं, हे कौतुक आहे. साहेब म्हणताहेत की आमच्याकडे हिशेब नाही, मन मोठं. ती लाजून हसली. तिचं हसणं बघून संताजीराव आणखी बुचकळ्यात पडले. पण बाईमाणसावर आवाज चढवायचा नाही हा घराण्याचा रिवाज. त्यांनी श्वास घेतला आणि अगदी हळुवारपणे, सोपं करून सांगितलं, "रुचीबाई, या जुन्या मंडळींना आता सन्मानाने निरोप द्या."

"हो जी," रुची म्हणाली.

आता निरोप द्या म्हणजे जाऊ द्या, हे त्यांचं. निरोप द्या म्हणजे मेसेज द्या, हे तिचं. कोणता निरोप ते साहेबांनी सांगितलं नव्हतं, पण 'सन्मानाने' म्हणाले होते. तेव्हा तिने त्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना संताजीरावांच्या नावाने मेसेज धाडला: दिवाळीच्या शुभेच्छा, आपली वेबसाइट आम्ही अजून प्रेमाने सांभाळून आहोत, जरूर पाहा.

आणि त्यांनी पाहिलं ना! लग्नाच्या वेबसाइटवरच्या नवरा-बायकोने पाहिलं, दोन्हीकडच्या नातेवाइकांना पाठवलं, आणि सगळं खानदान हळदीचे फोटो डाउनलोड करायला बसलं. पतंगवाल्याने जुन्या दोस्तांना पाठवलं. मारुतीरावांनी वॉर्डातल्या प्रत्येक ग्रुपवर टाकलं. ज्या मशिनांना काम नव्हतं त्यांना आता भरपूर काम आलं, पाणी तर त्यांच्याकडे होतंच. आणि ज्यांची बिलं निघायची होती त्या खऱ्या दुकानांच्या नळाला थेंब येईना.

संध्याकाळी रुची बसमध्ये बसली होती तेव्हा संताजीरावांचा फोन आला. मागे बरेच फोन एकदम वाजत होते. "रुचीबाई, उद्या धनत्रयोदशी! तुम्हाला मराठी कळत नसेल तर आमच्या बाजारच्या भाषेत सांगतो. उद्या सकाळी आल्या आल्या त्या मशिनांचं मंगल करा. मंगल! नाहीतर तुमचा आणि आमचा मार्ग वेगळा." आणि फोन ठेवला.

मल्हारगंजात कोणालाही विचारा. दुकान मंगल केलं म्हणजे शटर ओढलं. बंटीभियाला विचारलं असतं तरी त्याने हसत सांगितलं असतं. पण रुचीने शेवटचं तेवढं ऐकलं, मार्ग वेगळा, आणि कोणाला विचारायचं तिला सुचलंच नाही. त्यात मावशीचाही फोन येऊन गेला. खिडकीशी बसून ती डोळे पुसत राहिली. साहेबांनी जे जे सांगितलं ते ते केलं, मग चुकतंय कुठे? मंगल करा म्हणाले. म्हणजे पूजाच राहिली असेल! एवढ्या मशिनांना मोठं केलं आणि नारळसुद्धा नाही, चिडणार नाहीत तर काय?

सकाळी ती महूहून निघाली ती थेट खजरानाच्या देवळात. गणपतीपुढे हात जोडून तिने एकच मागितलं, पुणं नको. नारळ घेतला, दूर्वा, हळदकुंकू, लाडू घेतले, आणि रिक्षाने पागेत आली.

पागेत आगडोंब उसळला होता. सगळे फोन वाजत होते. साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं काउंटरवर बसून राहिली होती, भांड्यांच्या दुकानात लोक हातात वाट्या घेऊन ओरडत होते. संताजीराव एका फोनवर माफी मागत होते आणि दुसऱ्या फोनवर खोटं बोलत होते. रुची कोणाकडे न बघता सर्व्हरच्या खोलीत गेली, जोडे काढले, रॅकला हळदकुंकू लावलं, दूर्वा ठेवल्या. तेवढ्यात संताजीराव दारात आले आणि जागच्या जागी खिळले.

"हे काय चाललंय?"

"मंगल करून राहिली जी," रुची म्हणाली. तिने नारळ हातात घेतला. "इथेच फोडू?"

इतकं सगळं जळत असतानासुद्धा त्या माणसाला राहवलं नाही. "अहो, शुभ दिवशी 'फोडू' काय म्हणता? नारळ फोडत नाहीत. नारळ वाढवतात!"

रुची नारळाकडे बघत राहिली. नारळ वाढवतात? नारळ मोठा कसा करणार? त्याला काय मेमरी घालणार? आणि आता गमावण्यासारखं काही उरलं नाही असं वाटून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिने विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दुकान वाढवतात, दिवा वाढवतात, तसा नारळ वाढवतात!"

"पण म्हणजे काय करतात?"

"म्हणजे... मंगल करतात."

"म्हणजे?"

"म्हणजे निरोप देतात हो! विसावा देतात!"

"म्हणजे?" रुचीचा आवाज रडवेला झाला. "साहेबजी, मला नाही समजून राहिलं. मी तर सगळी मशिनं मोठी करून दिली. तुम्ही म्हणाला वाढवा, मी वाढवली. चौपट वाढवली! तुम्हाला करायचं काय आहे, एकदा साफ साफ सांगा ना!"

संताजीरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग त्याला कुठलाच रंग उरला नाही. चौपट! त्यांनी हात वर केला, खाली केला. एका हाताने शटर ओढल्यासारखं करून दाखवलं, पण रुचीला ते आरतीसारखं वाटलं आणि तिने हात जोडले. बाहेर अजून एक फोन वाजायला लागला. तेव्हा त्या गृहस्थाच्या पोटातून, सगळ्या पिढ्यांचा धीर एकवटून, तो शब्द बाहेर पडला.

"बंद! बंद करा! बंद!"

आता बंटीभिया नेमका दाराबाहेर उभा होता. नोकरीला लागताना त्याला एकच गोष्ट बजावली होती, की मालक 'बंद' म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तर समज आग लागली. इतकी वर्षं त्याने तो शब्द ऐकला नव्हता, आणि आज एकदम तीनदा ऐकला. "भागो भिया!" असं ओरडत त्याने मेन स्विच खाली ओढला, बॅटऱ्यांचा खटका ओढला, आणि धावत जाऊन वाळूची बादली घेऊन आला.

सगळी पागा एका क्षणात गप्प झाली. पंखे थांबले, एसी थांबला, हिरवे-लाल दिवे गेले. अंधारात तिघं उभी होती, एकाच्या हातात बादली, एकीच्या हातात नारळ, आणि मालकांच्या हातात काहीच नव्हतं.

"आग किधर है?" बंटीभियाने विचारलं.

मग रुचीच हलली. शब्दांत अडकलेली पोरगी कामात शिरली की वेगळीच व्हायची. तिने बंटीभियाला सांगून वीज परत घेतली, आधी मॅनेजमेंट सर्व्हर उठवला, तो काटकसरीला पुन्हा जोडला, आणि मग दुकानांची मशिनं एकेक करून उठवत गेली. साड्यांचं उठलं, भांड्यांचं उठलं, औषधांचं उठलं. लाल यादीवर तिचा हात आला तशी ती थांबली. तिने मागे वळून बघितलं.

"ही... वाढलेलीच राहू देऊ जी?"

"राहू द्या," संताजीराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तासाभरात फोन शांत झाले. बिलं अशी निघायला लागली की भांडीवाल्याने फोन करून विचारलं, नवीन सर्व्हर घेतला का. काटकसरीचा स्क्रीन वरपासून खालपर्यंत हिरवा होता. तिची एकही तक्रार नव्हती. फक्त मारुतीरावांचा फोन तेवढा आला, आपली साइट का उघडत नाही म्हणून, आणि तो बंटीभियाने सांभाळला.

मग संताजीराव रुचीच्या टेबलापाशी आले. हातात तो नारळ होता, न वाढवलेला. ते काहीतरी लांबलचक बोलायला लागले, 'यथोचित', 'कार्यतत्परता', असे शब्द येत होते, पण रुची ऐकतच नव्हती. तिला फक्त नारळ दिसत होता. बाकी मराठी तिला कळो न कळो, ही एक गोष्ट पुण्याने पक्की शिकवली होती. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला कंपनीने नारळ दिला असं कोणी म्हणालं, तेव्हा हिने विचारलं होतं, कुठल्या देवळाचा? सगळा मजला हसला होता. नारळ देणं म्हणजे नोकरीवरून काढणं. संताजीरावांनी तो नारळ तिच्या ओंजळीत ठेवला, आणि तिला तिथेच मावशीची नवी चादर दिसायला लागली.

"साहेबजी," ती म्हणाली. "मला तुमचं एक अक्षर नाही समजलं. हा नारळ म्हणजे काय? मी जाऊ की राहू?"

संताजीराव पुढचं वाक्य जुळवत होते, ते तिथेच थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि त्यात पुन्हा एखादा भारदस्त शब्द येतोय असं वाटून तो गिळून टाकला. मग इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून, म्हणाले, "कहीं नी जाना है भिया. इधरीच रुक. पक्की."

रुची खुर्चीत बसली आणि नारळ पोटाशी धरून ढसाढसा रडली. इतकी रडली की बंटीभिया पुन्हा बादली आणायला निघाला होता. रडता रडताच तिने घरी फोन लावला.

"आई! अगं, साहेबांनी मला नारळ दिला!"

पलीकडून आईचा सुस्कारा ऐकू आला. "रडू नको गं बाळा. होऊन राहतं असं. मी शलाकाला आत्ताच फोन लावून सांगते, की पोरगी येऊन राहिली."

"अगं नाही, आई! थांब!" रुची खुर्चीवरून उठून ओरडली. "तो नारळ नाही, श्रीफळ म्हण, श्रीफळ! आणि मावशीला फोन लावू नकोस! ठेव तो फोन, ऐकतेस का, बंद कर!"

मागे खाडकन आवाज झाला. अख्ख्या पागेत पुन्हा अंधार पडला होता, आणि बंटीभिया वाळूची बादली घेऊन धावत येत होता.